पाहुणा वक्ता आणि सत्कारमूर्ती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



काल रात्री जेवणानंतरच्या गप्पांत आपल्यातील एका तरुण कार्यकर्त्याने मला जरा अवघडूनच एक प्रश्न विचारला. "सर, तुम्ही आम्हांला दान आणि हक्क यांतला फरक शिकवता आणि तिकडे रोटरी, लायन्ससारख्या क्लबांत जाऊन भाषणेही देता. दोन्ही एकत्र कसे बसते?" प्रश्नात खोच होती, पण कुचेष्टा नव्हती. असा प्रश्न विचारणारे कार्यकर्ते आपल्यात अजून आहेत, याचा मला आनंदच झाला. आज मला राज्याच्या अर्थव्यवहारावर बोलायचे होते. त्याच विषयाकडे मी या प्रश्नाच्या वाटेने येणार आहे.

न पाहताच एखाद्या संस्थेची हेटाळणी करणे ही आपली जुनी खोड आहे. म्हणून प्रथम या संस्था काय आहेत ते पाहू. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांना जमवून रोटरीचा आरंभ केला. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, त्यावरून हे नाव पडले. एका व्यवसायाचा एकच सभासद, असा सुरुवातीचा दंडक होता. १९१७ साली मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने लायन्सची संघटना उभी राहिली. आपल्या देशात कलकत्त्याच्या रोटरी क्लबला १९२० साली सनद मिळाली आणि मुंबईचा क्लब १९२९ साली निघाला. स्वातंत्र्यानंतर हे लोण जिल्ह्याच्या आणि पुढे तालुक्याच्या गावी पोहोचले. डॉक्टर, वकील, सराफ, अडते, साखर कारखान्याचे अधिकारी, बांधकामाचे ठेकेदार अशी ही मंडळी. बाजारपेठेतला, स्थिरावलेला वर्ग.

आता यात पाहुणा वक्ता कोठून आला? त्याचे उत्तर साध्या मागणी-पुरवठ्यात आहे. रोटरीत आठवड्याला एक सभा घेण्याचा प्रघात शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. ती सक्ती २०१६ साली शिथिल झाली. आठवड्याला सभा म्हणजे वर्षाला सुमारे पन्नास सभा. चाळीस सभासदांच्या क्लबात एकमेकांकडे सांगण्यासारखे जे असते ते पहिल्या वर्षातच संपते. मग बाहेरचा माणूस आणावा लागतो. हृदयविकारावर डॉक्टर, गुंतवणुकीवर बँकेचा अधिकारी, युरोपची सहल करून आलेले जोडपे, आणि अंदाजपत्रक सादर झाले की अर्थशास्त्राचा प्राध्यापक. पूर्वी ते फेब्रुवारीच्या अखेरीस येई, २०१७ पासून १ फेब्रुवारीस येऊ लागले. माझा हंगाम त्याप्रमाणे चार आठवडे अलीकडे सरकला, एवढाच काय तो फरक.

सभेचा क्रम ठरलेला असतो. अध्यक्ष घंटा वाजवतात, पाहुण्यांचा परिचय होतो, वीस मिनिटे भाषण, दोन प्रश्न, आभार, स्मृतिचिन्ह आणि मग भोजन. वेळ कटाक्षाने पाळली जाते. सहाची सभा साडेसातला सुरू करणाऱ्या आपल्या पक्षाने ही गोष्ट त्यांच्याकडून नम्रपणे शिकावी. वर्गणी न मागता येते आणि गैरहजर सभासदाला विचारणा होते, याही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

परंतु या सभेला एक अलिखित मर्यादा असते. पाहुण्याने माहिती द्यावी, थोडे हसवावे, शेवटी उमेद वाढेल असे काही सांगावे आणि कोणालाही बोचू नये. गंमत अशी, की लिखित नियम इतका आखूड नाही. लायन्सच्या उद्दिष्टांत सार्वजनिक हिताच्या सर्व प्रश्नांवर खुली चर्चा व्हावी असे म्हटले आहे. पक्षीय राजकारण आणि पंथीय धर्म यांवर मात्र सभासदांनी वाद घालू नये, असे बंधन आहे. म्हणजे मजुरी, भूक, पाणी, घरपट्टी यांवर बोलण्यास नियमाची आडकाठी नाही. आडकाठी सवयीची आहे. आणि मी तुम्हांला प्रांजळपणे सांगतो, ती सवय जितकी श्रोत्यांची असते तितकीच वक्त्याचीही असते.

याचे एक मोठे उदाहरण आपल्याच, म्हणजे समाजवादी परंपरेतले आहे. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे लायन्सच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनापुढे हेलन केलर यांचे भाषण झाले. दृष्टी आणि श्रवण दोन्ही लहानपणी गमावलेल्या या विदुषीने श्रोत्यांना आवाहन केले, की टाळता येण्याजोगे अंधत्व नाहीसे करण्याचे आणि अंधांना साहाय्य देण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या. त्या एका भाषणाने त्या संघटनेला दिशा मिळाली. १९३० साली अमेरिकेतील पिओरिया येथील एका लायन सभासदाने अंधांसाठी पांढऱ्या काठीची कल्पना मांडली आणि क्लबने ती उचलून धरली. आपल्याकडे गावोगाव मोतीबिंदूची शिबिरे भरली, चष्मे वाटले गेले. ज्या म्हातारीला या शिबिरामुळे नातवाचे तोंड दिसले, तिच्यापुढे उभे राहून "हे केवळ वरवरचे काम आहे" असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही. तुमच्यातही नसावे.

पण हेलन केलर यांची दुसरी ओळख किती जणांना आहे? १९०९ सालापासून त्या अमेरिकेच्या सोशलिस्ट पार्टीच्या सभासद होत्या. अंधत्वाच्या कारणांचा शोध घेताना त्यांच्या ध्यानात आले होते, की पुष्कळ अंधत्व हे दैवाने आलेले नसून कारखान्यांतील अपघातांनी, मालकांच्या बेपर्वाईने आणि दारिद्र्याने आलेले असते. त्यांनी हे उघडपणे लिहिले आणि सांगितले. तेव्हा काय झाले? ज्या वृत्तपत्रांनी त्यांच्या बुद्धिमत्तेचे गोडवे गायले होते त्यांपैकी ब्रुकलिनच्या एका पत्राच्या संपादकाने लिहिले, की त्यांच्या चुकांचे मूळ त्यांच्या शारीरिक मर्यादांत आहे. १९१२ साली त्यांनी या संपादकाला सडेतोड उत्तर दिले. दान मागणारी अंध स्त्री सर्वांना थोर वाटते. तीच स्त्री अंधत्वाचे कारण विचारू लागली, की लोकांना तिचे अंधत्व आठवते.

१९२४ पासून त्या अंधांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील संस्थेसाठी निधी जमवत होत्या. त्यामुळे देणाऱ्यांच्या दाराशी जाणे त्यांना भागच होते. मी त्यांना दोष देत नाही. मात्र हिशेब मांडला पाहिजे. त्यांच्या म्हणण्यातील मदतीचा भाग संघटनेने उचलला आणि शंभर वर्षे निष्ठेने चालवला. कामगाराचे डोळे का जातात, हा त्यांचा जुना प्रश्न त्या कार्यक्रमात कधी आला नाही. आणखी एक गोष्ट पाहा. ज्या संघटनेला त्यांनी दिशा दिली तिचे सभासदत्व स्त्रियांना सर्वसाधारणपणे खुले झाले ते १९८७ साली. रोटरीत ते १९८९ साली झाले. तोवर स्त्रीने पाहुणी म्हणून बोलावे, पण निर्णयाच्या वेळी घरी असावे, अशी रीत होती. पाहुणा या शब्दाचा अर्थच तो आहे. पाहुण्याला मान असतो, मत नसते.

आता माझा स्वतःचा हिशेब. प्राध्यापकीच्या आरंभीची गोष्ट आहे. एका तालुक्याच्या गावी एका क्लबाने मला अंदाजपत्रकावर बोलायला बोलावले होते. त्याच दिवशी सकाळी तहसील कचेरीवर रोजगार हमीच्या कामावरील मजुरांचा मोर्चा आला होता. दीड महिन्याची मजुरी थकली होती. बायका कडेवर मुले घेऊन उन्हात बसल्या होत्या. संध्याकाळी मी त्याच रस्त्यावरील सभागृहात पाऊण तास महसुली तूट आणि आयातशुल्क यांवर बोललो. सकाळचा मोर्चा श्रोत्यांनी पाहिला होता, मीही पाहिला होता. त्याबद्दल मी अवाक्षर काढले नाही. टाळ्या झाल्या, भिंतीवरचे घड्याळ मिळाले. ते घड्याळ अजून घरात आहे, आणि चालू आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे आले. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका सराफांनी विचारले, "सर, हा व्यवसाय कर एकदाचा जाणार कधी?" मी उलट विचारले, "हा कर कशासाठी बसवला, ठाऊक आहे का?" चाळीस सुशिक्षित माणसांत एकालाही ठाऊक नव्हते. यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही, कारण त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते. मग मी सांगितले. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा पाहिल्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्याआधीच मांडलेली होती, तिला राज्यभर रूप आले. ती योजना चालवायला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. डॉक्टर, वकील, व्यापारी, पगारदार यांच्याकडून कर घ्यायचा आणि त्यात राज्याने तितकीच भर घालायची. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देणे ही शासनाची जबाबदारी ठरली. २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

मी म्हणालो, "तुम्ही दरवर्षी वह्या वाटता, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. ते काम चांगलेच आहे. पण तुमच्या हातून झालेली सर्वांत मोठी सेवा ही व्यवसाय कराची आहे, आणि नेमकी तीच तुम्हांला नकोशी वाटते. वही घेणाऱ्या मुलाला तुमच्यापुढे हात पसरावा लागतो. कराच्या पैशातून मजुरी घेणाऱ्या बाईला तुमचे नावही माहीत नसते, आणि ते माहीत असण्याची गरजही नसते. ती मजुरी थकली की ती तहसील कचेरीसमोर बसू शकते. वह्या मिळाल्या नाहीत म्हणून तुमच्या दारात कोणी मोर्चा आणत नाही. दान आणि हक्क यांत फरक असेल तर तो एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे."

सभागृहात शांतता पसरली. आभार थोडक्यात आटोपले. पुढली तीन वर्षे मला त्या क्लबाचे निमंत्रण आले नाही. तथापि चार दिवसांनी ते सराफ घरी आले. त्यांच्या दुकानात झाडलोट करणाऱ्या बाईचा भाऊ गावी बिनकामाचा बसला होता. त्याने कामाची मागणी कोठे आणि कशी नोंदवायची, हे त्यांना विचारायचे होते. त्यांनी खिशातून शंभर रुपये काढून त्या बाईला दिले असते तर प्रश्न त्या दिवसापुरता मिटला असता. त्यांनी अर्ज मागितला. माझ्या वीस मिनिटांची मिळकत म्हणाल तर ती एवढीच.

म्हणून कालच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर असे, की तेथे जावे. मात्र आपल्या म्हणण्यातला अर्धा भाग चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून जाऊ नये.

पण उत्तर एवढ्यावर संपत नाही. वक्ता म्हणून बोलावतात कोणाला, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. पोलिओचे उदाहरण घ्या. १९८५ पासून रोटरीने पोलिओच्या निर्मूलनासाठी जगभर पैसा उभा केला, आपल्या क्लबांनी लसीकरणाच्या दिवशी राबणारी माणसे दिली. भारतात त्या विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला सारा विभाग पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. या यशात क्लबांचा वाटा आहे, तो नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु शीतपेटी खांद्याला अडकवून दारोदार, झोपडीझोपडीत, वीटभट्टीवर कोण गेले? अंगणवाडी सेविका, आशा, आरोग्यसेविका. नको म्हणणाऱ्या आईची समजूत कोणी घातली? त्यांनीच.

आता या सेविकेच्या नावातला शब्द पाहा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून सरकारच्या लेखी ही बाई मानसेवी आहे, म्हणून तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. क्लबाचा सभासद सेवा करतो तेव्हा ती त्याच्या सुखवस्तूपणाची शोभा असते. अंगणवाडीतली बाई तीच सेवा करते तेव्हा तो शब्द तिची मजुरी कापण्याचे हत्यार होतो. आपल्या राज्यातील सेविकांना २०१७ साली आणि पुन्हा २०२३च्या डिसेंबरात संपावर जावे लागले. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क मान्य केला. मानधनाच्या आड दडवलेले नोकरीचे नाते न्यायालयाला दिसले. आपल्या मध्यमवर्गाला ते अजून दिसायचे आहे.

अशा सेविकेला क्लबात बोलावतात. ८ मार्चला बोलावतात. व्यासपीठावर एका कडेला खुर्ची देतात, साडी-नारळ देतात, टाळ्या वाजवतात. आणि मग स्त्रीशक्ती या विषयावर एखाद्या प्राचार्यांचे व्याख्यान होते. ध्वनिक्षेपक त्या बाईच्या हाती जात नाही. ज्याच्याजवळ पदवी त्याचे भाषण आणि ज्याच्याजवळ अनुभव त्याचा सत्कार, अशी ही विभागणी आहे. सत्कार हा मान खरा, पण तो तोंड बंद करण्याचाही एक सभ्य मार्ग होऊ शकतो. नारळ हातात असला की माणसाला हात उंचावता येत नाही.

हे ऐकून तुम्ही माना डोलावत आहात. थांबा. आपल्या या अभ्यासवर्गाची पत्रिका माझ्याजवळ आहे. दोन दिवसांत सात व्याख्याने आहेत. चार प्राध्यापकांची, त्यांतले तिघे निवृत्त. एक वकील, एक पत्रकार, एक माजी आमदार. ऊसतोडणी कामगार एकही नाही, अंगणवाडी सेविका एकही नाही. काल उद्घाटनाला मात्र आपण एका ज्येष्ठ कामगार भगिनीला शाल दिली. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना आपण दोन दिवसांत एक शब्द विचारलेला नाही. मग क्लबात आणि आपल्यात फरक कोणता राहिला? त्यांचे जेवण चांगले असते, एवढाच?

महाराष्ट्रात व्याख्यानाची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर त्यांनी जे व्याख्यान दिले, ते माझ्या विषयातील प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. परंतु त्याच महाराष्ट्रात गाडगेबाबाही बोलत होते. गावात आल्यावर ते आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. पहिल्या परंपरेने आपल्याला विचार दिला. दुसरीने ऐकणाऱ्याला बोलते केले. आपण पहिलीचे वारस म्हणून मिरवतो आणि दुसरी विसरतो.

तेव्हा ज्यांना अशी निमंत्रणे येतात त्यांनी काय करावे? निमंत्रण स्वीकारावे, पण अर्धा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवण्याची अट घालावी. कोणत्या कामाबद्दल आपण बोलणार ते काम करणारी व्यक्ती बरोबर न्यावी आणि आपल्या वीस मिनिटांतील दहा तिला द्यावी. ती अडखळेल, कदाचित वेळ चुकेल. अडखळू द्या. देणगीचे आवाहन करून उठू नये. जे काम पैसे देऊन सुटत नाही, ते मागावे. तुमच्या बांधकामावरच्या मजुराची कल्याण मंडळाकडे नोंदणी केली आहे का, तुमच्या दुकानातल्या नोकराला किमान वेतन मिळते का, असे विचारावे. ज्याच्या हाती जे आहे ते त्याच्याकडे मागितले, तर त्यांतले काहीजण ते करतातही, असा माझा अनुभव आहे. आणि पुढच्या वर्षी बोलावणे आले नाही, तर वाईट वाटून घेऊ नये.

मला या वर्गात पंचेचाळीस मिनिटे दिली होती. त्यांतली पंधरा शिल्लक आहेत. पत्रिकेत यानंतर आभार आहेत, ते थोडे थांबतील. तिसऱ्या रांगेतल्या आपल्या भगिनींना मी विनंती करतो, की त्यांनी पुढे यावे. शाल खुर्चीवर राहू द्या. ध्वनिक्षेपक येथे आहे.